पेढीवरचा संगणक मुका होतो तेव्हा

अडतीच्या व्यवसायात बोललेला शब्द हाच पहिला दस्तऐवज. सोयाबीनच्या हंगामात कळंबच्या बाजारातून लातूरच्या तेलगिरणीला भाव विचारला जातो, पलीकडून आकडा येतो, इकडून होकार जातो; कागद मागाहून तयार होतो. पंचेचाळीसशे आणि पंचावन्नशे यांत कानाला जाणवणारा फरक अगदी थोडा, पण शंभर क्विंटलांवर तो एक लाख रुपयांचा होतो.

पूर्वी हा आकडा काळ्या टेलिफोनमधून येई. आता कळंब असो वा उमरगा, पेढीवरचा एकच संगणक टॅली चालवितो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोन घेतो आणि दुपारी गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना प्रवचनही ऐकवितो. २०२०च्या टाळेबंदीत मंदिरे आणि स्थानके बंद झाली तेव्हा प्रवचने पडद्यावर आली. साथ ओसरली, तरी परगावच्या चातुर्मासाचे प्रवचन घरबसल्या ऐकण्याची सवय अनेक कुटुंबांत टिकून राहिली.

तक्रार सुरू होते ती येथूनच. प्रवचन रंगात आलेले असते, मुलगा लातूरचा फोन संगणकावर घेतो आणि महाराजसाहेबांचा आवाज एकाएकी खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. फोन संपला की तो पुन्हा पूर्ववत. थोरल्या शेठजींना वाटते, मुलाने मुद्दाम आवाज बारीक केला. मुलाला वाटते, स्पीकर गेला. मग दुरुस्तीवाला येतो, पाच मिनिटे पाहतो आणि ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगतो. येथे मात्र व्यापाऱ्याने सावध झाले पाहिजे. त्याच यंत्रात मागील वर्षांची खाती, जीएसटीची विवरणपत्रे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या असतात. प्रत न काढता फॉरमॅट केले तर आवाज कदाचित परत येईल, खातेवही येणार नाही. शिवाय बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, कारण यंत्र बिघडलेले नसून त्याला शिकविलेला शिष्टाचार पाळत असते.

हा शिष्टाचार २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासूनचा. फोनसारखे संभाषण सुरू झाल्याचे लक्षात येताच इतर सर्व ध्वनी ८० टक्क्यांनी उतरवावेत, अशी व्यवस्था त्याच्या मूळ मांडणीतच आहे. ती बदलणे सोपे आहे. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबल्यावर येणाऱ्या चौकोनात ‘एम एम एस वाय एस’, मग टिंब, मग ‘सी पी एल’ ही इंग्रजी अक्षरे सलग लिहिली की ध्वनीची जुनी खिडकी उघडते. तिच्या ‘कम्युनिकेशन्स’ या शेवटच्या पानावर ‘डू नथिंग’ हा पर्याय निवडून ‘ओके’ करावे. पुष्कळ घरांतील भांडण येथेच मिटते.

काही वेळा आवाज उतरत नाही, पार नाहीसा होतो. विंडोज ९५च्या काळात हे नित्याचे होते. एका प्रोग्रॅमने साउंड कार्ड धरले की दुसऱ्याला ते सुटेपर्यंत थांबावे लागे. आज ध्वनीचे खाते सहसा संयुक्त असते, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे. तरीही गाणी वाजविणारे किंवा ध्वनिमुद्रण करणारे काही प्रोग्रॅम ते एकट्याच्या नावावर करून घेऊ शकतात. त्याच खिडकीत स्पीकरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘एक्स्क्लुझिव्ह कंट्रोल’ची खूण असते. ती काढली की हा एकाधिकार संपतो. माइकलाही अशीच खूण असते आणि ती हमखास विसरली जाते.

ब्लूटूथच्या हेडफोनची गोष्ट निराळी. त्याला चांगल्या प्रतीचे ऐकणे आणि माइकवर बोलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी सहसा जमत नाहीत. माइक सुरू होताच तो टेलिफोनी, सपाट आवाजावर उतरतो. विंडोज १० मध्ये तर तो ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसतो. फोन दुसऱ्या नावावर गेला की पहिल्यावरचे प्रवचन गप्प होते. सौदे करणाऱ्या पेढीने तारेचा साधा हेडफोन ठेवावा, हे उत्तम.

दुरुस्तीची रीत मुनिमाची असावी. ताळा जुळेना तर तो एकेक नोंद तपासतो, सगळी वही फाडत नाही. एका वेळी एकच खूण बदलावी, आधी काय होते ते कागदावर टिपून ठेवावे, आणि त्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज कोठून यावा हेही ठरविता येते. फोन मुलाच्या हेडफोनवर आणि प्रवचन स्पीकरवर, अशी वाटणी केली की दोघेही आपापले ऐकू शकतात. एक अडचण तरीही उरते. स्पीकरचा आवाज मुलाच्या माइकमध्ये शिरतो आणि लातूरच्या गिरणीवाल्याला भावाबरोबर प्रवचनाची दोन वाक्येही ऐकू जातात. त्यासाठी माइक तोंडाजवळ घ्यावा आणि स्पीकर गादीच्या पलीकडे, शेठजींच्या बाजूला सरकवावा.