दोन मापे

धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचा आणि नद्या उन्हाळ्यात कोरड्या. तरीही इथल्या जुन्या पिढीतील पुष्कळ पुरुषांना पोहता येते, कारण ते विहिरीत शिकले. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला, काठावर थोरला भाऊ नाहीतर काका दोर धरून उभा, आणि बाकीची पोरे पायऱ्यांवर बसून हसत असायची. शिकवणाऱ्याला फी नव्हती, हुद्दा नव्हता आणि मुख्य म्हणजे एकांत नव्हता. जे काही चालले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर. मुलींच्या वाट्याला मात्र हे शिक्षण क्वचितच आले.

जैन घरांत या पोहण्यावर आणखी एक वाद असे. न गाळलेल्या पाण्यात तासन्‌तास बुडून राहणे श्रावकाला शोभते का, असे आजी विचारी आणि नातवाकडे उत्तर नसे. तो वाद मिटलेला नाही. पण नातवंडे मधल्या काळात सोलापूर-पुण्याच्या तलावांवर पोहोचली आहेत, आणि त्या तलावांबरोबर कुटुंबाच्या आयुष्यात एक नवी व्यक्ती आली आहे. तिला घरात सगळे ‘सर’ म्हणतात.

समजा, धाराशिवच्या पेठेतील एक कापड दुकानदाराचे घर आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची. सोलापूरला मावशीकडे राहून तलावावर जाते. पहिल्या वर्षी ती अनेकांतली एक असते. दुसऱ्या वर्षी सर सांगतात, हिच्यात काही वेगळे आहे. वडील गल्ल्यावर बसून ही गोष्ट चार गिऱ्हाइकांना सांगतात आणि ते स्वाभाविक आहे. मग तिच्यासाठी सकाळचा वेगळा तास निघतो. तिच्या मोबाइलवर सरांचे वेगळे संदेश येऊ लागतात. स्पर्धेला जाताना सरांच्या गाडीतली पुढची जागा तिची ठरते. बरोबरीच्या मुली तिच्याशी हळूहळू बोलेनाशा होतात. ती एकटी पडते, आणि एकटी पडल्यामुळेच सरांवर अधिक विसंबते. अजून काहीही वाईट घडलेले नाही. बहुधा घडणारही नाही, कारण बहुसंख्य प्रशिक्षक सरळमार्गी असतात. पण काटा हललेला आहे, आणि तो घरात कोणाच्याही लक्षात आलेला नाही.

खरे तर व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान हा एक आहे. घेण्याचे माप वेगळे, देण्याचे वेगळे. पाठशाळेतली मुले हा शब्द घोकतात आणि बाहेर येऊन विसरतात. दुकानात बसल्यावर त्याचा अर्थ कळतो. दोन मापे ठेवणारा दुकानदार प्रत्येकाला कमीच देतो असे नसते. एखाद्या गिऱ्हाइकाला तो मुद्दाम झुकते माप देतो. ते गिऱ्हाईक खूष असते, त्याच्याकडून तक्रार येत नाही, उलट तेच दुकानाची वाखाणणी करत फिरते. दोष दुकानात दुसरे माप असण्याचा आहे; ते आज कोणाच्या बाजूने झुकले हा नंतरचा प्रश्न. प्रशिक्षकाची लाडकी शिष्या ही त्या खूष गिऱ्हाइकासारखी असते. तिला किंवा तिच्या घरच्यांना गाऱ्हाणे करायला काही कारणच दिसत नाही. गाऱ्हाणे असते ते बाकीच्यांचे, आणि त्यांना ‘जळतात’ म्हणून गप्प केले जाते.

पोहण्यात तरी पक्षपात चालत नाही, असा एक समज आहे. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजते, मग मर्जीला जागा कुठे? ती असते घड्याळ सुरू होण्याआधी. कोणाच्या हाताची चूक रोज दुरुस्त केली जाते, कोणाला दुर्लक्षून कडेच्या पट्ट्यात पोहत ठेवले जाते, रिलेच्या चौघांत कोण, शिबिराला कोण, हे घड्याळ ठरवत नाही. धाराशिव ज्या खेळासाठी ओळखला जातो त्या खो-खोत ही अडचण अधिकच आहे. तिथे धावकाने टिकवलेली मिनिटे मोजता येतात, पण संघात कोणाला घ्यायचे हे शेवटी निवडणाऱ्याच्या नजरेवर येते.

खो-खोचा विषय निघाला की जिल्ह्यात एक नाव अभिमानाने घेतले जाते: सारिका काळे. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या गरिबीविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या आहेत. खेळ सोडून देण्याच्या विचारापर्यंत त्या पोहोचल्या होत्या आणि प्रशिक्षकांनी समजूत घातल्यावर मैदानावर परतल्या, हेही त्यांनी सांगितले आहे. प्रशिक्षकाने खेळाडूच्या आयुष्यात लक्ष घालणे हे काही वेळा किती मोलाचे असते, याचे हे जिल्ह्यातलेच उदाहरण. म्हणून ‘सरांनी फक्त शिकवावे, बाकी काही पाहू नये’ असा कोरडा नियम करून भागणार नाही. मुलीच्या पोटात अन्न नसेल तर चांगला शिक्षक ते पाहणारच.

मग मदत कुठे संपते आणि मर्जी कुठे सुरू होते? मदत गरज पाहून दिली जाते. तशीच गरज उद्या दुसऱ्या मुलीला पडली तर तिलाही मिळते, आणि ती चारचौघांत सांगता येते. मर्जीला कारण सांगता येत नाही. तिला झाकण लागते. ‘हे इतर मुलींना सांगू नकोस’ हे वाक्य ज्या दिवशी उच्चारले गेले, त्या दिवशी मदतीचे खाते बंद होऊन दुसरेच खाते उघडले असे समजावे.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्टही नोंदवायला हवी. दुसरे माप नेहमी प्रशिक्षकच आणतो असे नाही. कित्येकदा ते त्याच्या हातात ठेवले जाते. दिवाळीला मिठाईच्या पेटीबरोबर पाकीट जाते. स्पर्धेची ढाल दुकानाच्या नावाने दिली जाते आणि मग मुलाच्या निवडीविषयी सहज विचारणा होते. सरांच्या घरच्या लग्नाचा कपडा ‘आपलाच समजा’ म्हणून दिला जातो. पेठेत हे सौजन्य मानतात, आणि त्यात सौजन्य असतेही. पण ज्याला काही देऊन मर्जी मिळवली, त्याला पुढे कधी ‘सर, हे बरोबर नाही’ असे सांगायची वेळ आली तर जीभ जड होते. ज्याला पाकीट देणे परवडत नाही, त्या घरचे मूल कडेच्या पट्ट्यात पोहत राहते ते वेगळेच.

सप्टेंबर 2019 मध्ये गोव्यातील एका जलतरण प्रशिक्षकावर त्याच्याकडे शिकणाऱ्या अल्पवयीन मुलीने विनयभंगाचा आरोप केला. गोवा जलतरण संघटनेने त्याला कामावरून काढले, तत्कालीन केंद्रीय क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी जाहीरपणे कठोर भूमिका घेतली आणि पोलिसांनी त्याला अटक केली. पुढे जून 2022 मध्ये परदेश दौऱ्यावरील एका सायकलपटूच्या तक्रारीनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असणे बंधनकारक केले. अशी बातमी आली की घरोघर पहिली प्रतिक्रिया एकच असते: मुलीला पाठवूच नका. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण तिच्यात शिक्षा मुलीला होते. आणि मुलांच्या बाबतीत सगळे निर्धास्त राहतात, हा दुसरा दोष. धोका मुलग्यांनाही असतो.

जैन आचारशास्त्राने दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. त्या समजावताना म्हाताऱ्या बैलाचा दृष्टांत देतात. हिरवे शेत पाहून बैलाच्या मनात येते, तो अतिक्रम. उठून तो कुंपणाशी जातो, व्यतिक्रम. कुंपणातून तोंड घालून एक घास घेतो, अतिचार. मग आत शिरून यथेच्छ चरतो, अनाचार. कायदा आणि वर्तमानपत्र बहुधा चौथ्या पायरीवर पोहोचतात. दुसरी पायरी मात्र कोणालाही दिसण्यासारखी असते: वेगळा तास, रात्रीचे संदेश, गाडीतली जागा, मुक्कामाच्या ठिकाणी बंद खोलीत बोलावणे. तिथे उभा असलेला प्रत्येक जण शेतात शिरणारच असे नाही. पण कुंपण राखणाऱ्याने हाक त्याच वेळी द्यायची असते, आणि त्या हाकेत आरोप नसतो.

ही हाक न देण्याचे एक ठरलेले कारण असते: ‘सर तिला वडिलांसारखे आहेत.’ याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. तिथे यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कुलभूषण आणि देशभूषण यांची कथा ठाऊक असते. दोघे राजपुत्र बालपणापासून गुरूकडे शिकून तारुण्यात नगरीत परतले, आणि झरोक्यात उभी असलेली एक कन्या पाहून दोघांचेही मन तिच्यावर गेले. ती कमलोत्सवा ही आपलीच बहीण आहे, हे भाटाच्या बोलण्यातून कळताच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी दीक्षा घेतली. एवढी वर्षे विद्याभ्यास केलेल्या, पुढे मोक्षाला गेलेल्या जिवांचीही नजर नाते कळेपर्यंत सावरली नव्हती. तलावावर तर नात्याचा भाट कोणी नसतो. ‘वडिलांसारखे’ म्हटल्याने कोणी वडील होत नाही. तिथे ओळख करून देण्याचे काम नियमालाच करावे लागते.

कायद्याने ते बरेच केले आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याच्या संमतीचा मुद्दा कायदा मानत नाही. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला गुन्हा अधिक गंभीर धरला जातो, आणि गुन्हा घडल्याचे माहीत असूनही न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘समाजात चर्चा नको’ म्हणून मिटवामिटव करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे शेवटचे कलम एकदा वाचावे. मुलांसाठीचा 1098 हा दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे.

अमेरिकेत 2017 पासून काम करणाऱ्या सेफस्पोर्ट केंद्राची एक कसोटी इथे सहज वापरता येईल. प्रौढ आणि अल्पवयीन खेळाडू एकत्र असतील तर ते इतरांना दिसेल आणि कोणालाही मध्ये येता येईल, अशाच जागी असावेत. विहिरीच्या काठावर हे आपोआप होत होते. तलावावर ते मागून घ्यावे लागते: पालकांना बसायला जागा, संदेश पाठवताना आई किंवा वडील त्यात सामील, प्रवासात एकट्या मुलाला गाडीत न नेणे, आणि निवडीचा आधार फलकावर लिहिलेला. चांगला प्रशिक्षक अशा मागणीने दुखावत नाही. खोट्या आळापासून तिने त्याचेही रक्षण होते. काटा तपासायला वजनमापे निरीक्षक आला म्हणून सचोटीचा दुकानदार कुठे रागावतो?

आणि घरातली मुलगी. सुटीत ती गावी येते, सूर्यास्ताआधी सगळे ताटावर बसतात, आणि तिला विचारले जाते ते एवढेच, किती सेकंद कमी झाले? आकडा चांगला असला की वडील समाधानाने मान डोलावतात. आजीला सेकंदांतले काही कळत नाही. पोळी वाढता वाढता ती विचारते, ‘बाळा, तुझ्या त्या मैत्रिणी यंदा घरी नाही आल्या?’