चिदरीवरून जाणारी विमानं

शाळेसाठी मी भालकीजवळच्या आमच्या गावातून बिदरला आलो आणि चिदरी भागात राहिलो. हवाई दलाचा तळ तिथून जवळ. ‘किरण’ विमानं डोक्यावरून जायची तेव्हा गुरुजी वाक्य अर्ध्यावर थांबवायचे आणि आवाज विरला की पुढचं सांगायचे.

शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. उभं आयुष्य इंजिनांवर काम केलेला माणूस. हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं सरावाला निघाली की ते म्हणायचे, “बाळा, हे ऑर्फियस इंजिन. मारुतलाही हेच होतं, दोन-दोन.” मारुतचं नाव मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

एचएफ-२४ मारुत हे भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना केली, १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. रचना आवाजाच्या वेगापलीकडे जाण्यासाठी होती, पण तेवढ्या ताकदीचं इंजिन मिळालंच नाही. मग त्याच्याकडे जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ल्याचं काम आलं. हे काम फार कठीण. खाली, अगदी खाली उतरायचं, रणगाडा किंवा रेल्वेगाडी दिसताच काही सेकंदांत नेम धरायचा, आणि खालून साध्या बंदुकाही आपल्यावर रोखलेल्या. डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात राजस्थानच्या सीमेवर मारुतनी हेच केलं. एक इंजिन निकामी होऊनही काही विमानं दुसऱ्याच्या बळावर परतली. काका हे सांगताना बोलता बोलता थांबायचे. मला तेव्हापासून हे विमान जवळचं वाटतं. एकूण १४७ मारुत बनली, १९९० मध्ये ती सेवेतून गेली.

२००८ मध्ये बिदरला ‘हॉक’ विमानं आली. लढाऊ विमानांवर जाणारे तरुण वैमानिक इथे त्यांच्यावर शिकतात. हॉकचं इंजिन ‘अडूर’, आणि जमिनीवर हल्ला करणाऱ्या आपल्या जॅग्वारमध्येही त्याच घराण्याची दोन इंजिनं. ऑर्फियस काय, अडूर काय, दोन्ही मूळची परदेशी. आपल्या ‘तेजस’ लढाऊ विमानाचं इंजिनही अमेरिकेहून येतं.

मारुत अडलं ते इंजिनापाशी, आणि आपण आजही तिथेच अडलो आहोत. बिदर-कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आपली कितीतरी मुलं शिकतात. त्यांच्यातल्या काहींनी तरी जेट इंजिनाचा विषय हाती घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे.