मागून येणारा उजेड

सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनॅमो ज्यांनी वापरला आहे त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असेल: उतारावर, जिथे चाक आपल्याच वेगाने धावत असते, तिथे तो भरभरून उजेड देतो आणि चढावर, जिथे खाचखळगा दिसण्याची खरी निकड असते, तिथे गती मंदावताच त्याचा दिवा तांबूस होऊन विझू पाहतो. माझ्या वडिलांच्या सायकलला असाच डायनॅमो होता. ते तलाठी होते. वेल्हे हा तेव्हा तालुका नव्हता, महाल होता. कचेरीत महालकरी बसत. आणि वडिलांच्या सज्यातली गावे गुंजवणीच्या खोऱ्यात अशी विखुरलेली होती की पीकपाहणी आणि शेतसाऱ्याची वसुली उरकून, दफ्तर कॅरियरला बांधून ते परतीला लागत तेव्हा बहुधा दिवस मावळलेला असे. सुटीत मी त्यांच्याबरोबर असे. विंझर मागे टाकून वेल्ह्याकडचा चढ लागला की मी खाली उतरून कंदील पेटवी आणि सायकलच्या मागून चालू लागे. वडील मात्र होता होईतो पायंडलावरून पाय काढीत नसत.

कंदील पुढे धरावा तर तो सायकलस्वाराच्या डोळ्यांवर येतो, आणि नेमका पाठीशी धरावा तर त्याची स्वतःचीच सावली चाकापुढे पसरून, ज्या खड्ड्यासाठी कंदील आणला तोच खड्डा तिच्यात बुडून जातो. म्हणून वडील न वळता सांगत, "उजव्या अंगाला धर, आणि जरा उंच." मी हात लांबवून कंदील उचलला की त्यांची सावली डावीकडे सरे आणि चाकापुढचा हातभर रस्ता उजळे. एवढ्या रस्त्यावर त्यांचे काम भागत असे.

त्या खोऱ्यातल्या माणसांना ही विद्या माझ्या आधीपासून अवगत होती. केळदकडच्या वाड्यांवरून दुखणाईत माणसाला वेल्ह्याला आणायचे तर घोंगडीची डोली करून ती वेळूला बांधीत, चौघे खांदा देत, आणि कंदील धरणारे डोलीच्या मागे, पण एका बाजूने चालत, म्हणजे खांदेकऱ्यांची पावले स्वतःच्या सावलीत पडत नसत. श्रावणातल्या एका रात्री, तोरण्याच्या माथ्यावरून उतरलेल्या धुक्यात, अडलेल्या बाईला घेऊन आलेल्या अशाच एका डोलीबरोबर शेवटचा टप्पा मी आमचा कंदील घेऊन चाललो. बाई वाचली, मूल वाचले नाही. वेल्ह्यापर्यंत ती पोहोचली खरी, पण पुढे भोरला नेण्यासाठी वाहन मिळेपर्यंत उजाडले होते, हे वडील पुढे अनेक वर्षे कोणाकोणाला सांगत राहिले.

नोकरीचा बहुतेक काळ मी भोरला काढला. पंतसचिवांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले; राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या त्या गावाला, माणसाला कामावर तैनात केले म्हणजे त्याने तिथे असलेच पाहिजे, ही जुनी शिस्त पुरती सोडवली नव्हती, आणि मला ती मानवली. मी पाटबंधारे खात्यात होतो. १९२७ साली पुरे झालेल्या भाटघरच्या धरणावर पावसाळ्यात रात्रपाळीला बॅटरी घेऊन उभे राहण्याचे काम कित्येकदा वाट्याला येई, आणि पाण्याच्या पातळीची नोंद तासातासाला करण्याची सवय तिथेच हाडीमाशी खिळली.

लांब पल्ल्याच्या सायकलींशी माझी गाठ पडली ती निवृत्तीनंतर. ब्रेव्हे म्हणून जो प्रकार आता पुण्यात चांगला रुजला आहे, त्याचे मूळ १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याच्या शर्यतीपर्यंत पोहोचते. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे असतात, आणि नेमून दिलेल्या ठाण्यांखेरीज वाटेत कोणाची मदत घ्यायची नसते. याच्या उलट, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर धावणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत क्रूशिवाय, म्हणजे गाडी घेऊन साथ करणाऱ्या सोबत्यांशिवाय, करताच येत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांचा संघ करून ती पुरी केली आणि आपल्या दौडीला 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' असे नाव देऊन आदिवासींच्या कामाशी जोडले. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. पुण्याहून गोव्याला जाणारी ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' ही तिचीच पात्रता शर्यत. या सर्वांची छायाचित्रे मी पाहिली ती सायकलस्वारांसाठी नव्हे. मागे, चौकटीच्या कडेला अर्धीमुर्धी दिसणारी जी गाडी असे, तिच्यात कोण बसले आहे आणि ते काय करीत आहेत याचेच मला कुतूहल होते.

ते कुतूहल फिटण्याचा योग वेल्ह्यानेच आणला. डोंगरवाड्यांतल्या रुग्णांसाठी वाहन घ्यावे म्हणून पुण्याच्या आणि भोरच्या काही सायकलपटूंनी एक दौड आखली: दुपारी पुण्याहून निघून पाबे घाटाने वेल्हे, तिथून केळदला जाऊन माघारी, मग मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करीत भोर, आणि रात्री देवघरच्या जलाशयाच्या कडेने वरंधा घाट उतरून, वरंध गाव गाठून, पुन्हा चढून पहाटे भोर. दौडीत सायकल चालवणाऱ्या, भोरकडच्या एका तरुण परिचारिकेने माझ्या वयाकडे न पाहता सांगितले, "काका, नोंदवही तुम्हीच धरायची." आणि मी तिच्या क्रूच्या गाडीत बसलो.

क्रूचे काम दिवसा एक आणि रात्री दुसरे असते. दिवसा गाडी पुढे जाऊन थांबते. एकजण बाटली घेऊन डाव्या कडेने सायकलबरोबर चार पावले धावतो, तिच्या बोटांची पकड बसल्याचे कळताच सोडतो, आणि रिकामी बाटली मागच्या वळणावरून उचलून आणतो. कार्तिक सरत आला होता. विंझर-आंबवण्याच्या खाचरांत भाताची झोडणी चालली होती, आणि पेंढ्याचा वास गाडीच्या काचांतून आत येत होता. अंधार पडल्यावर मात्र गाडीने तिला दृष्टिआड होऊ द्यायचे नाही, असा दंडक. हात लावायचा नाही, ढकलायचे नाही, ओढायचे नाही. उजेड, पाणी, अन्न आणि दोन शब्द, एवढाच क्रूचा जिम्मा. किती पाणी गेले, मीठ-साखर-लिंबू किती, केळे पुरते खाल्ले की अर्धे टाकले, लघवीला केव्हा थांबली, बोलताना जीभ अडखळली का, हे सारे मी तासातासाला लिहीत होतो. मध्यरात्रीनंतर माणसाला गोडाचा वीट येतो. राजगिऱ्याचा लाडू तिने दोनदा परत केला. तेव्हा डब्यातला दहीभात मीठ घालून पातळ केला आणि पेल्याने दिला. तो तिने उभ्याउभ्या, सायकल मांडीला टेकवून, एका दमात घेतला.

वाघजाईच्या खालच्या वळणांवर तिची गती माणसाच्या चालण्याइतकी झाली. पावसाळ्यात दरडी कोसळून बंद होणारा हा घाट. डांबर उखडलेले, कडेला खडीचे ढीग. चालवणारा वेल्ह्याचा मुलगा मोठ्या आस्थेने गाडी अगदी तिच्या पाठीशी ठेवून होता, आणि आमच्या दिव्यांच्या झोतात तिची सावली चाकापासून पुढच्या वळणापर्यंत ताणलेली मला दिसली. मी म्हणालो, "बाळा, जरा उजवीकडे घे, अन् अंतर वाढव." त्याने घेतली. सावली दरीकडे, कठड्यावर सरकली आणि तिच्या चाकापुढे खडीचा खडा न् खडा दिसू लागला. तिने चाक दोन वेळा वळवून खड्डे चुकवले. चढ तितकाच राहिला. तो तिचा तिनेच चढला.

अशा दौडींविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की निधी द्यायचा तर तो सरळ द्यावा, त्यासाठी कोणी रात्रभर अंग का शिणवावे? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु माझ्या वडिलांची सायकल ज्या रस्त्याने सारा वसूल करीत फिरली, त्याच रस्त्याने ही सायकल त्या खोऱ्यासाठी वर्गणी घेऊन आली, आणि ती येताना लोकांनी पाहिली, याला माझ्या लेखी मोल आहे. पुण्यात बसून धनादेश लिहिणाऱ्याला केळद कुठे आहे हे कळत नाही. पाठीमागच्या गाडीत बसून त्या रात्री गेलेल्या शहरी मुलांना ते कळले, कारण केळदवरून वेल्ह्याला येताना मोबाईलला पल्ला नाही, दिवा नाही, आणि माणूस आजारी पडला तर काय, हा प्रश्न त्यांनी आपण होऊन विचारला. आंबवण्याच्या एका शेतकऱ्याने रोकड नसल्याने खळ्यावरचे भात पायलीने मोजून गाडीत ओतले. ते मी किर्दीत रकमेच्याच रकान्यात, दोन ओळींमध्ये, स्वच्छ अक्षरात लिहिले आहे.

वाहनाची तजवीज आता होत आली आहे. महालाचा तालुका झाला, तालुक्याचे नाव राजगड झाले, तरी डोंगराचे अंतर तेवढेच आहे. म्हणून ते वाहन वेल्ह्याच्या बाजारपेठेत उभे करून भागणार नाही. ते पावसाळ्याआधी केळदच्या बाजूला मुक्कामाला गेले पाहिजे आणि चालकाच्या राहण्याची सोय तिथेच झाली पाहिजे, असे मी मंडळींना लेखी कळवले आहे. आणि मृगापूर्वी एकदा त्या रस्त्याने रात्री जाऊन, पाणी कुठे साचते आणि दरड कुठे येते, याची नोंद करून देण्याचे माझ्याकडे घेतले आहे.