झाशीचे परमानंद : कागदांतून काळ्या पाण्यापर्यंत

मुंबईहून पंजाब मेलनं निघालात की दुसऱ्या दिवशी झाशी येतं. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. बाहेर पडलं की बहुतेक मराठी पावलं थेट किल्ल्याकडे वळतात. राणी महाल, 1842 मध्ये राणीचं लग्न जिथं लागलं ते गणेश मंदिर, लक्ष्मी तलावाजवळची गंगाधररावांची छत्री, एवढं पाहून माणूस परततो. या वेळी एक दिवस जास्त काढा आणि प्रेम नगरला या.

प्रेम नगर-नगरा ही शहराची रेल्वेच्या अंगानं वाढलेली बाजू. इथं किल्ला नाही, तिकीटघर नाही. आहेत ती राहती घरं, दुकानं आणि ड्यूटीच्या वेळा पाळणारी माणसं. मग इथं यायचं कशाला? एक प्रश्न मनात घेऊन फिरायला. राजाराण्यांची नावं दगडात कोरली जातात. पण अशा साध्या वस्तीतला, साध्या घरातला एखादा माणूस काळ्या पाण्यावर गेला, तर त्याचं नाव कुठं शोधायचं?

एकाच खटल्यात दोन परमानंद

झाशीचंच उदाहरण घेऊ. पंडित परमानंद यांचा जन्म 1892 चा, हमीरपूर जिल्ह्यातल्या राठ भागातला. पण इतिहासात ते 'झाशीवाले परमानंद' म्हणूनच ओळखले जातात. परदेशातल्या भारतीयांनी 1913 मध्ये अमेरिकेत उभारलेल्या गदर चळवळीत ते ओढले गेले. फेब्रुवारी 1915 मध्ये सैन्यात उठाव घडवायचा बेत होता. तो फितुरीनं फुटला आणि धरपकड झाली. एप्रिलपासून लाहोरच्या तुरुंगातच खास न्यायाधीशांपुढे खटला चालला. कायदा असा केलेला, की निकालावर अपील नाही.

13 सप्टेंबर 1915 रोजी 24 जणांना फाशी सुनावली गेली. पुढं व्हाइसरॉय हार्डिंग यांनी त्यातल्या 17 जणांची शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली. उरलेले सात जण 16 नोव्हेंबरला फासावर गेले. त्यांत कर्तारसिंग सराभा होते आणि आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. परमानंद वाचले ते त्या सतरांत.

आता गंमत पाहा. त्याच खटल्यात, त्याच सतरांत, लाहोरचे भाई परमानंदही होते. दोघांचं नाव एक, शिक्षा एक, नेलं तेही एकाच ठिकाणी. तुम्ही नुसतं 'परमानंद' एवढंच शोधलंत, तर एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होईल. भाई परमानंद 1920 मध्ये सुटले. झाशीच्या परमानंदांनी दोन दशकांहून जास्त काळ तुरुंगात काढला. दोघांना वेगळं करतात ते वडिलांचं नाव आणि गाव. साहेबाच्या कारकुनानं रकाना भरायचा म्हणून लिहिलेल्या या दोन गोष्टी आज त्या माणसाची खरी ओळख ठरतात.

कागद काय सांगतो, काय गिळतो

अंदमानात पोचलेल्या कैद्याच्या गळ्यात बिल्ला अडकवत. त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकरांचा क्रमांक होता 32778. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलला सात बाजू होत्या, आणि एकेक कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. कोलूला जुंपलेल्यानं दिवसाला 30 पौंड खोबरेल काढून द्यायचं.

परमानंद तिथं गेल्यावर कामावरून जेलर बारीशी खटका उडाला. बारीनं अपमान केला आणि परमानंदांनी त्याच्यावर हात टाकला. त्याबद्दल त्यांना फटक्यांची शिक्षा झाली. सरकारी भाषेत हा तुरुंगाच्या शिस्तीचा भंग. अपमान कोणत्या शब्दांत झाला, फटके खाताना माणसानं काय सोसलं, याला त्या नोंदीत रकाना नसतो. ती बाजू कळते सुटून आलेल्यांच्या आठवणींतून. म्हणून सरकारी कागद आणि 'माझी जन्मठेप'सारखी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकातून तारीख मिळते, दुसऱ्यातून माणूस.

तुमच्या घरातला कुणी असेल तर

'आमच्या पणजोबांचा एक भाऊ काळ्या पाण्यावर गेला, परत आलाच नाही.' असं वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. पुढं कुणी विचारत नाही. समुद्र ओलांडला म्हणून जात बाटली आणि शिक्षा झाली म्हणून अब्रू गेली, असं मानून वंशावळीतून नाव गाळण्याचा तो काळ होता. त्या माणसाला शोधायचं असेल, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून चार गोष्टी लिहून घ्या : पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि अंदाजे साल.

मग गाव तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं ते पाहा. झाशी शहराचंच बघा. इंग्रजांनी ते 1858 मध्ये जिंकलं, 1861 मध्ये शिंद्यांना दिलं आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला देऊन परत घेतलं. मधल्या 25 वर्षांतल्या झाशीकराचा शोध फक्त इंग्रजी दप्तरात घेतलात, तर हाती काही लागेलच असं नाही.

अंदमान 1942 ते 1945 जपानच्या ताब्यात होतं आणि त्या काळात तिथले बरेच कागद नष्ट झाले. म्हणून शोध सुरू करावा तो मुख्य भूमीवरच्या प्रतींपासून. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली गृह खात्याची प्रकरणं, उत्तर प्रदेशातल्यांसाठी लखनौचं राज्य अभिलेखागार, आपल्याकडच्यांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं दप्तर. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर बरंच काही घरबसल्या पाहता येतं. मात्र इंग्रज कारकून कानाला लागेल तसं नाव लिहीत. एकच नाव चार-पाच स्पेलिंगनी शोधायची तयारी ठेवा.

आणखी एक सावधगिरी. निकालात 'काळं पाणी' असलं, म्हणजे माणूस समुद्रापार गेलाच असं नाही. आझादांचे झाशीचे साथीदार भगवानदास माहौर यांना जळगावच्या कोर्टातल्या गोळीबाराबद्दल अशीच शिक्षा झाली, पण ती त्यांनी इकडच्याच तुरुंगात भोगली. निकालानंतरचा कागद पाहिल्याशिवाय अंदमानचं तिकीट काढू नका.

परमानंद स्वतंत्र भारत पाहून 1982 मध्ये गेले. ज्याला फाशी सुनावली गेली होती, तो माणूस नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगला. प्रत्येकाच्या वाट्याला हे आलं नाही. कित्येकांचा सगळा मागमूस म्हणजे यादीतली एक ओळ, अमुकचा मुलगा, राहणार तमुक.

संध्याकाळी प्रेम नगरच्या गल्लीतून परत निघाल तेव्हा दारांवरच्या नावांच्या पाट्या वाचत चला. मग घरी फोन लावा आणि आजीला विचारा, आपल्यातलं कुणी गेलं होतं का गं? ती सांगेल ते नाव लगेच लिहून ठेवा. वडिलांच्या नावासकट.