मापाने बेतलेली जादू

साताऱ्यात मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, झबली, शाळेचे गणवेश. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला वाईला माहेरी गेले की रात्रीची जेवणं आटोपल्यावर माजघरात माझे जादूचे प्रयोग होतात. भावाची मुलं दारातच माझी पिशवी चाचपतात, ‘आत्या, यंदा काय आणलंस?’ त्या पिशवीत असतात कापडाच्या कतरणी, काडेपेट्या, रबरबँड, एखादा रुमाल आणि सुया. दुकानातून आणलेलं जादूचं सामान त्यात नसतं.

ही आवड लागली ती जादूगार रघुवीर यांच्यामुळे. पुण्याच्या या जादूगाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना जादू दाखवली, परदेशांत प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तकही लिहिलं. पुढे त्यांचा मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती कला चालू ठेवली. लहानपणी मी रघुवीरांचा प्रयोग पाहिला. माझ्याकडे ना रंगमंच होता, ना पेट्या, ना दिवे. शिवणयंत्र मात्र होतं, म्हणून पहिली वस्तू शिवूनच तयार केली.

ती दोन कप्प्यांची पिशवी. बाहेरून साधी, आतून मधोमध अस्तराचाच एक पडदा, बाजूंना आणि तळाला शिवून टाकलेला. पडदा एका बाजूला दाबून तोंड उघडलं की एकच कप्पा दिसतो. तो उलटा करून बाहेर काढला, तरी दुसऱ्या कप्प्यातली वस्तू आत सुरक्षित राहते. साधं एकरंगी अस्तर लावलं तर पडद्याची कड चटकन दिसते. बारीक नक्षीचं लावलं की नजर त्या नक्षीत हरवते. तोंडाला रुंद पट्टी लावली की पडद्याची वरची कड तिच्यात मिसळून जाते. मुलांनी एकेक करून टाकलेल्या रंगीत कतरणी आत जातात आणि बाहेर येतं शिवलेलं तोरण. गौरीच्या मखराला आम्ही तेच तोरण बांधतो. उरलेल्या कापडाचं काम, खर्च शून्य.

जादूची पुस्तकं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवायची. त्यातला जादूगार कोट घालतो, त्याला बाह्या असतात, आतले खिसे असतात. मी साडी नेसते. काडेपेटीचा जुना प्रयोग सगळ्यांना माहीत असावा. समोर तीन रिकाम्या काडेपेट्या ठेवायच्या आणि काड्यांची एक पेटी रबरबँडने मनगटाच्या वर बांधून बाहीत लपवायची. त्या हाताने रिकामी पेटी हलवली तरी काड्या खुळखुळतात, दुसऱ्या हाताने हलवली तर आवाज येत नाही. मग पेट्यांची जागा बदलायची आणि भरलेली कुठली ते ओळखायला सांगायचं. आखूड बाहीच्या ब्लाउजमध्ये हे जमणारच नाही. म्हणून त्या प्रयोगासाठी मी मनगटापर्यंत बाहीचा ब्लाउज शिवला, बाही कोपराखाली थोडी सैल ठेवली. बाकीच्या प्रयोगांत पदर कामाला येतो. पदर सावरणाऱ्या बाईच्या हाताकडे कुणी संशयाने पाहत नाही. जे पुस्तकात नव्हतं ते माझ्या कपड्यांनी मला दिलं.

घरचे प्रेक्षक हे सगळ्यांत कठीण प्रेक्षक. त्यांना तुमचे हात ओळखीचे असतात आणि मुलं प्रयोगाच्या मध्येच मागे येऊन उभी राहतात. शिवाय मुलं सतरंजीवर बसतात, मोठी माणसं खुर्च्यांवर. म्हणजे एकाच वेळी अर्धे डोळे हाताच्या खालून पाहतात आणि अर्धे वरून. म्हणून मी पाठ भिंतीला लावून उभी राहते. सराव करताना मोबाइल एकदा जमिनीवर ठेवून चित्रण करते आणि एकदा कपाटावर ठेवून. दोन्हीकडून गुपित झाकलेलं राहिलं तरच तो प्रयोग पिशवीत जातो.

पण खरं काम याच्याही आधी सुरू होतं. कापड हातात घेण्यापूर्वी मी माप घेते, तसंच प्रयोग ठरवण्यापूर्वी तो कुणासाठी आहे ते ठरवते. आईची नजर आता अधू झाली आहे, हातातली बारीक हालचाल तिला दिसत नाही. तिच्यासाठी केळं. ठिपके पडलेलं पिकलं केळं घ्यायचं, सालीच्या शिरेवर सुई आत खुपसायची आणि आतल्या आत डावी-उजवीकडे फिरवायची. सुई पलीकडच्या सालीतून बाहेर येऊ द्यायची नाही. असं थोड्या थोड्या अंतरावर केलं की आतल्या चकत्या होतात. सुईची भोकं ठिपक्यांत मिसळून जातात. हे प्रयोगाच्या थोडंच आधी करायचं. मग केळं आईच्या हातात द्यायचं, लांबून हवेत सुरी चालवायची आणि म्हणायचं, ‘आई, सोल आता.’ जादू तिच्या बोटांखाली घडते. ती नातवंडांना चकत्या वाटते आणि त्या वेळी जादूगार तीच असते.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा केळवणासाठी कापडी पट्ट्यांचा प्रयोग बेतला. सुती कापडाच्या उभ्या धाग्यात लांब पट्ट्या फाडल्या आणि टोकं शिवून तीन कडी केली. पहिलं साधं. दुसऱ्याच्या पट्टीला टोकं जोडण्याआधी पूर्ण पीळ दिलेला. तिसऱ्याला अर्धा. पट्टीच्या मधोमध कात्रीने छेद देऊन तिथून लांबीत फाडत गेलं की पहिल्याची दोन वेगळी कडी होतात. दुसऱ्याची दोन कडी एकमेकांत अडकलेली निघतात. तिसऱ्याचं मात्र दुप्पट लांबीचं एकच कडं होतं. मी पहिलं स्वतः फाडलं, दुसरं भाची आणि होणाऱ्या जावयाच्या हाती दिलं. त्यांच्या हातात अडकलेली कडी आल्यावर टाळ्या वाजल्या. तिसरं भाचीच्या आईवडिलांनी मिळून फाडलं. अर्ध्या पिळाच्या या पट्टीचं गणित ऑगस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या जर्मन गणितज्ञांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. अभियांत्रिकी शिकणारा भाचा त्या रात्री वहीतली पानं फाडून वेगवेगळे पीळ देऊन पाहत बसला होता.

हळदीचा प्रयोग मात्र मी वेगळ्या कारणासाठी करते. कोऱ्या कागदावर खायच्या सोड्याच्या पाण्याने काडीने मुलाचं नाव लिहून वाळवायचं. कागद कोराच दिसतो. पातळ सॅनिटायझरमध्ये हळद कालवून त्यात भिजवलेला बोळा फिरवला की पिवळ्या कागदावर नाव लालसर उमटतं. सॅनिटायझर पेट घेतं, म्हणून समई आणि उदबत्ती लांब ठेवायची. वर लिंबाचा रस लावला तर लाली पुन्हा पिवळी होते. हळद क्षारात लाल होते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तो याचमुळे, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर. हे सगळं घरातल्या प्रत्येक बाईच्या हाताखालून गेलेलं असतं.

याच हळदीच्या लालीला कुणी देवीचा कोप म्हणतो, कुणी करणी म्हणतो आणि घाबरलेल्या माणसांकडून पैसे उकळतो. मी ज्या साताऱ्यात राहते तिथल्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते शाळांत, गावांत असले तथाकथित चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण सांगतात. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे कमावणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ही लढाई फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्येच चेटकिणींवरच्या विश्वासाविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि त्यात हातचलाखीच्या युक्त्या उघड केल्या. म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी मी दर वेळी सांगते, ‘ही हातचलाखी आहे. माझ्याकडे कसलीही शक्ती नाही.’ हे सांगितल्याने मजा रतिभर कमी होत नाही. उलट मुलं सावरून बसतात आणि हातांवर नजर रोखतात.

मग मुलं विचारतात, ‘आत्या, कसं केलंस ते सांग ना!’ मी सांगत नाही, शिकवते. ज्याला गुपित हवं, त्याने माझ्याजवळ बसून ती वस्तू स्वतःच्या हाताने बनवायची, सराव करायचा आणि पुढच्या सणाला सगळ्यांसमोर दाखवायची. अशाने धाकटी भाची रुमालाच्या शिवणीत काडी लपवायला शिकली. रुमालात गुंडाळलेली काडी प्रेक्षकाने मोडायची आणि रुमाल झटकला की ती अखंड बाहेर पडायची. मोडते ती शिवणीतली. त्यासाठी ती पहिल्यांदा हातशिलाई शिकली. चारचौघांत बोलायला बुजणारी ती मुलगी आता काकांना समोर बसवून म्हणते, ‘काका, नीट बघा हं.’ काकाही चष्मा पुसून पुढे सरकतात.

ज्या मुलाने एकदा स्वतः जादू बनवली, त्याला आयुष्यात कुणी चमत्काराच्या नावाने सहजासहजी फसवू शकत नाही, असा माझा विश्वास आहे. आणि आश्चर्य वाटण्याचा आनंदही त्याच्यापाशी शाबूत राहतो, कारण गुपित कळल्यावरच हातांची करामत किती अवघड आहे ते उमगतं.

तुमच्या घरीही हे जमेल. सुरुवात केळ्याने करा, कारण त्यात हातचलाखी लागत नाही. पण केळं कापण्याआधी ते कुणाच्या हातात द्यायचं ते ठरवा. एकच प्रयोग चांगला बसवा, एका रात्रीत एकदाच दाखवा आणि त्याच सुट्टीत तो घरातल्या एखाद्या मुलाला शिकवा. सामानाला पैसे लागत नाहीत. माणसाचं माप मात्र नीट घ्यावं लागतं.