दस्त्याची मान

बंदुकीबद्दल बोलताना लोक नळीबद्दल बोलतात. माझ्याकडे मात्र बंदूक येते ती बहुतेक वेळा लाकडापायी. नळी शाबूत, घोडा शाबूत आणि दस्ता मानेत चिरलेला. मान म्हणजे ट्रिगरच्या मागचा, पंजात धरायचा बारीक भाग. हलक्या दस्त्याची सगळी परीक्षा इथे होते. सांगली-साताऱ्यात दस्ते दुरुस्तीचं हे काम करताना माझा एक विश्वास पक्का झाला आहे: दस्त्याचं बळ लाकडाच्या जाडीपेक्षा तंतूंच्या दिशेवर ठरतं, आणि दुरुस्तीनेही तीच दिशा धरली पाहिजे.

तंतूंच्या लांबीत लाकूड ओढून तोडायला प्रचंड जोर लागतो. तेच लाकूड तंतूंमधून फाडायला त्यापेक्षा कितीतरी कमी जोर पुरतो. मानेपाशी दस्ता खाली वळतो, तंतू मात्र सरळ जातात. त्यामुळे तिथे ते तिरके कापले जातात, आखूड पडतात. त्यात वजन वाचवायला मान बारीक केलेली. बंदूक भिंतीवरून पडली की नेमकी तिथेच मोडते, यात नवल नाही.

आमच्या दोन जिल्ह्यांचं हवामान या दुखण्यात भर घालतं. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत जेमतेम 500 च्या आसपास. पाटण-जावळीकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकांचे दस्ते पावसाळाभर ओल पितात आणि उन्हाळ्यात सुकतात. ओलं लाकूड पूर्ण सुकलं तर लांबीत 0.1 ते 0.2 टक्केच आकसतं, रुंदीत मात्र 5 ते 8 टक्क्यांपर्यंत. पुरत्या वाळलेल्या दस्त्यातही ऋतूगणिक याचा थोडा भाग घडतच राहतो. लाकूड आकसलं की स्क्रू सैल पडतात. सैल स्क्रूवर बार काढला की लोखंड मागे सरकतं आणि मागच्या टोकाला असलेली पोलादी शेपटी पाचरीसारखी मानेत घुसते. सरपण फोडताना आपण हेच करतो.

म्हणून चिरलेला दस्ता हाती आला की मी आधी तड्याला हात लावत नाही. धक्का कुठे बसला ते पाहतो. धक्का पेलायचा तो लोखंडाच्या पुढच्या खुराने (रिकॉइल लग), आणि त्याची सपाट बाजू लाकडाला पूर्ण टेकलेली हवी. शेपटीच्या मागे मात्र पातळ पुठ्ठ्याएवढी फट मोकळी हवी. ही फट नसलेल्या दस्त्याला कितीही भारी गोंद लावा, तो पुन्हा फुटणार.

नेमबाजीच्या क्लबांतून येणाऱ्या एअर रायफलींचं दुखणं वेगळं. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेत्या झाल्या, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं. त्यांच्याकडे बघून आमच्याकडची मुलंही रेंजवर जातात. 10 मीटर एअर रायफलला 5.5 किलोची मर्यादा असते, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेवढी पेलत नाही. मग त्याच्या हाती येतो बीचच्या लाकडाचा, आतून कोरून हलका केलेला दस्ता. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे जाताना एक झटका बसतो, तो थांबताना उलट दिशेने दुसरा. हे दोन्ही झटके पुढच्या स्क्रूंच्या भोकांवर येतात आणि तिथून बारीक तडे सुटतात.

दुरुस्तीत सगळ्यात चिकाटीचं काम तेल काढण्याचं. वर्षानुवर्षं नळीला लावलेलं तेल ओघळून मानेत मुरलेलं असतं आणि तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. खडूची भुकटी अॅसिटोनमध्ये कालवून मी लेप देतो. सुकल्यावर तो पिवळट निघतो. पांढरा निघेपर्यंत लेप बदलत राहायचे. मग तडा हलकेच उघडून सावकाश सुकणारं पातळ इपॉक्सी सुईने आत सोडायचं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. शिकंजा एका जागी दाबतो, ट्यूब सगळीकडून सारखी. लोखंडाला आधी मेण लावायचं, नाहीतर तेही कायमचं चिकटतं. दुसऱ्या दिवशी सांधा कडक लागतो, तरी पुरती ताकद यायला आठवडा द्यावा.

नुसत्या गोंदावर मी मान सोडत नाही. तड्याला आडवी जाणारी एक काडी आतून बसवतो, म्हणजे फाडणारा जोर काडीवर येतो. पूर्वी पितळेचा आटेदार रॉड घालत. त्याची घनता साडेआठच्या आसपास, कार्बन फायबरच्या काडीची सुमारे 1.6, आणि अक्रोड किंवा बीचची पाऊणच्या आत. हलक्या दस्त्यात पितळ भरलं तर तोल मागे जातो आणि पोराचा नेमच बदलतो. म्हणून काडी कार्बनची, आणि पोकळीच्या आतून काचेच्या कापडाचा एक थर, त्याचे धागे तड्याला तिरके. दस्त्याचं वजन मी आधी आणि नंतर करतो. फरक जास्त आला, तर कुठेतरी गरजेपेक्षा जास्त इपॉक्सी ओतलं गेलं आहे.

प्लॅस्टिकच्या दस्त्याचा न्याय निराळा. काचतंतू मिसळलेलं नायलॉन खरवडून घेतलं तर इपॉक्सीला बऱ्यापैकी दाद देतं, पॉलिप्रॉपिलीन देत नाही. तिथे तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवायचा आणि आतून पट्टी स्क्रूने आवळायची.

हे शहाणपण नवं नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतल्या सैनिकांच्या पिढ्यांनी हाताळलेली .303 रायफल पाहा. ईशापूरच्या रायफल कारखान्याने तिच्या पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातला, तो लाकूड उकलू नये म्हणून. ग्रेनेड फेकायच्या रायफलींच्या लाकडावर तर तार गुंडाळलेली असे. हीच जाण वाद्यांतही दिसते. आमच्या मिरजेचे तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवू लागले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची पोकळ दांडी तारांचा ताण वर्षानुवर्षं पेलते. हलकं आणि मजबूत एकत्र नांदतं, याचा एवढा जवळचा पुरावा आम्हाला दुसरा नाही.

काही दस्ते मात्र मी परत पाठवतो. मान आरपार तुटून तिचे तुकडे हरवलेले असतील, किंवा लाकूड आतून कुजलं असेल, तर नवा दस्ता करावा. बंदूक दुरुस्तीलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. घरी फेविकॉल आणि खिळे मारून आणलेली बंदूक मालकाच्याच गालाशी फुटू शकते. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी पावसाळा संपला की परवानाधारक कारागिराकडून स्क्रू तपासून घ्यावेत. मानेचे बहुतेक तडे तेवढ्यानेच टळतील, आणि माझ्याकडे येणारं काम कमी झालं तर मला त्याचा आनंदच आहे.