कार्लाइलची एक्झिट

न्यू जर्सीहून पिट्सबर्गच्या बालाजीला जाणाऱ्या मंडळींना कार्लाइल माहीत असतं ते गॅस भरण्यापुरतं. ऐंशीच्या दशकात आम्हीही त्या एक्झिटला कितीतरी वेळा उतरलो. गाडीच्या बॉनेटवर डबा उघडायचा, दशम्या आणि शेंगांची चटणी खायची (सोलापूरचा माणूस कुठेही गेला तरी ही चटणी त्याच्या मागोमाग जातेच), थर्मासमधला चहा घ्यायचा आणि पुन्हा टर्नपाइकला लागायचं. गावात शिरावं असं कधी डोक्यात आलं नाही. गेल्या ऑक्टोबरात शिरलो, ते नातीमुळे.

नात आठवीत आहे. पहिलीत असताना तिने वर्गात सांगितलं, "मी इंडियन." तर एका मुलाने विचारलं, "मग तुझी पिसं कुठायत?" तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तिने मात्र तो प्रश्न मनात ठेवला असावा, कारण या वर्षी शाळेत रिपोर्टसाठी विषय निवडायचा झाला तेव्हा तिने इथल्या मूळ रहिवाशांचा निवडला. आणि म्हणाली, "आजी-आजोबा, कार्लाइलला न्याल का?"

तिथे आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे. फाटकावर लायसन्स दाखवून, पास घेऊन आत जावं लागतं. १८७९ साली याच बराकींमधे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. पहिली मुलं आली ती हजाराहून अधिक मैलांवरून, डाकोटातल्या रोझबड आणि पाइन रिजहून. १९१८ मधे शाळा बंद होईपर्यंत १४० हून अधिक जमातींची हजारो मुलं इथे आणली गेली. मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, असं प्रॅटसाहेबांचं धोरण होतं, आणि गंमत म्हणजे त्या काळात ते उदारमतवादी समजले जात! कारण इतर कित्येकांना माणूससुद्धा वाचवायचा नव्हता.

आल्याबरोबर मुलांचे केस कापत. लाकोटा लोकांत केस कापायचे ते घरचं कोणी गेलं तर. आपल्याकडे केशवपन काय होतं हे ज्यांनी आजी-पणजीकडून ऐकलंय त्यांना अधिक सांगायला नको. मग अंगावरचे कपडे जात, भाषा जाई. आपली भाषा बोलताना सापडलं तर शिक्षा. टॉम टॉर्लिनो नावाच्या नवाहो मुलाचे १८८२ आणि १८८५ सालचे दोन फोटो प्रसिद्ध आहेत: एकात लांब केस, गळ्यात माळा, दुसऱ्यात कोट आणि भांग. शाळा हे फोटो जाहिरातीसारखे वाटायची.

आणि नावं. ल्यूथर स्टँडिंग बेअर पहिल्याच तुकडीत आलेला. त्याने पुढे लिहून ठेवलंय की फळ्यावर कसल्यातरी खुणा काढलेल्या होत्या, हातात काठी दिली आणि म्हणाले एक निवड. तो ज्या खुणेवर काठी टेकवेल ते त्याचं नाव. ते कापडावर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवलं. त्याचं खरं नाव ओटा क्टे होतं.

नातीने हे आम्हाला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

१९८० साली आमचा मुलगा किंडरगार्टनला गेला. आजोबांचं नाव ठेवलेलं, चांगलं पाच अक्षरी. पंधरा दिवसांत शिक्षिकेने आम्हाला बोलावून घेतलं. बाई मोठ्या प्रेमळ होत्या. म्हणाल्या, नाव फार कठीण आहे, आम्ही त्याला सॅम म्हणतो, चालेल ना? आणि घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मागे पडेल. आम्ही "थँक यू" म्हणून बाहेर पडलो, आणि त्या संध्याकाळपासून घरातलं मराठी फक्त आमच्या दोघांच्या भांडणांपुरतं उरलं. पुढे १९८५ मधे त्याची आजी सोलापूरहून सहा महिने राहायला आली. आजी-नातवात मिळून शब्द चार: ये, खा, पुरे, टाटा. जाताना विमानतळावर ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत बरंच काही बोलली. तो हसून "ओके" म्हणाला. पुढच्या वर्षी ती गेली.

आमच्यावर कोणी काठी उगारली नव्हती हो. भीती मात्र होती. १९८७ साली जर्सी सिटीत स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी भारतीयांना हाकलून लावू अशी धमकी पेपरात छापून आणली, आणि त्याच सप्टेंबरात होबोकेनमधे नवरोज मोदी या तरुणाला मुलांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. त्या सालापासून आमच्यातल्या एकीने गाडीत बसताना टिकली काढून पर्समधे ठेवायला सुरुवात केली. तेव्हा मुलगा सॅम झाला हे एका परीने बरंच वाटलं होतं.

कार्लाइलच्या दफनभूमीत पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत, सैनिकांच्या असतात तशा. पण दगडांखाली आहेत ती मुलं, क्षयाने आणि इतर रोगांनी गेलेली. काहींवर नावाऐवजी 'अननोन' एवढंच. २०१५ च्या सुमारास रोझबडची काही तरुण मुलं वॉशिंग्टनहून परतताना इथे थांबली आणि त्यांनी मोठ्यांना विचारलं, आपण यांना घरी का नेत नाही? सहा वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, नऊ मुलांचे अवशेष रोझबडला गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बायडन यांनी या निवासी शाळांबद्दल माफी मागितली आणि डिसेंबरात कार्लाइलला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं.

परत येताना नातीने मागच्या सीटवरून विचारलं, "ब्रिटिशांनी तुमच्याकडे असं केलं का?" आम्ही उत्साहाने मेकॉले वगैरे सुरू केलं. आपल्या गुलामगिरीवर बोलायला आपल्याला आवडतंच. हॅरिसबर्गच्या आसपास आमच्यातला सोलापूरचा एकदम गप्प झाला.

सोलापुरात 'सेटलमेंट' आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं ते नुसतं वस्तीचं नाव. प्रॅटच्या शाळेआधी आठच वर्षं, १८७१ साली, ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ मधे तो आपल्याकडेही लागू झाला. पारधी, कैकाडी असल्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवायची तरतूदही त्या कायद्यात होती. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला. पण त्यानंतरही आमच्या गल्लीत चोरी झाली की पोलीस आधी तिकडे जायचे, आणि पारधीण दारात आली की आमची हीच प्रेमळ आजी ओरडायची, "आतून कडी घाल रे!" कडी आम्हीच घालायचो, पळत जाऊन.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० मधे आलं. मंडळाच्या लायब्ररीतली प्रत आम्ही रांगेत नंबर लावून वाचली. काय भाषा, काय अनुभव, असं म्हणत चर्चाही केली. त्या कडीची आठवण तेव्हा कोणालाच झाली नाही. टिकली मात्र आम्ही किती जणांना सांगितली असेल!

नातीला हे सगळं सांगितलं. मेकॉलेपेक्षा पुष्कळ कमी उत्साहाने. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "रिपोर्टमधे घालू?" मुलाला आधी ते आवडलं नाही, भारताबद्दल वाईट कशाला, म्हणाला. रात्री मात्र तो खाली बेसमेंटमधे आला आणि आजी विमानतळावर काय म्हणाली होती ते विचारू लागला. आम्हाला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. त्याचंही भाषांतर करावं लागलं.

नातीला सेटलमेंटचा फोटो हवा होता म्हणून सोलापूरला पुतण्याला फोन लावला.

"तिथला कशाला ओ काका? सिद्धेश्वराच्या तळ्याचा पाठवतो की, चांगला."

म्हटलं, तोही पाठव. पण आधी हा.